बेघरांमधील जुगाराचे व्यसन (लंडन)

फुटपाथवर किंवा निवाऱ्यात राहणाऱ्या माणसाला जडलेले, त्याच्या आवाक्याबाहेर गेलेले जुगाराचे व्यसन. स्टीव्ह शार्मन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लंडनमधील ४५६ बेघरांपैकी ११.६ टक्के जण जुगाराच्या पुरते आहारी गेलेले आढळले. ब्रिटनमधील सर्वसामान्य प्रौढांत हे प्रमाण २०१० मध्ये ०.७ टक्के होते. व्यसन किती गंभीर आहे हे ठरवण्यासाठी नऊ प्रश्न विचारतात: हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळायला गेलात का, खेळण्यासाठी उसने घेतले किंवा काही विकले का, वगैरे. २७ पैकी ८ किंवा अधिक गुण पडले, तर व्यसन गंभीर मानतात.

घर गेले म्हणून माणूस जुगाराकडे वळतो, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. याच अभ्यासकांच्या नंतरच्या, ७२ जणांच्या लहान पाहणीत व्यसनी जुगाऱ्यांपैकी दर पाचांत सुमारे चौघांचा जुगार बेघर होण्याआधीपासूनचा होता. भाड्याचे पैसे पैजेत जातात, ते भरून काढायला उसनवारी होते, मग आणखी मोठी पैज लागते आणि थकबाकी वाढली की घर सोडावे लागते. काहींच्या बाबतीत क्रम उलटा असतो. सट्ट्याच्या दुकानात ऊब असते, बसायला जागा मिळते. काही कॅसिनो रात्रभर उघडे असतात.

सट्ट्याच्या दुकानांतील रूलेटच्या (फिरत्या चाकावरील आकड्यांवर पैज लावायच्या खेळाच्या) यंत्रांनी फार नुकसान केले. वीस सेकंदांत एक डाव आणि एका डावावर १०० पौंडांपर्यंत पैसे लावता येत. त्या काळी २५ वर्षांवरील बेकाराला मिळणारा भत्ता होता आठवड्याला ७३.१० पौंड! एका दुकानात चारच यंत्रांची मुभा होती, म्हणून कंपन्यांनी जवळजवळ दुकाने थाटली. १ एप्रिल २०१९ पासून कमाल पैज २ पौंडांवर आली. ही सुधारणा फार उशिरा झाली.

दारूचा वास येतो, जुगाराचा येत नाही. त्यामुळे निवाऱ्यातल्या कर्मचाऱ्यांच्या तो सहजासहजी लक्षात येत नाही. दारू किंवा ड्रग्ज सोडण्यासाठी मदत कुठे मिळते हे बेघरांना बरेचदा ठाऊक असते. जुगारासाठीही उपचार आहेत, हे त्या मानाने थोड्यांनाच माहीत असल्याचे ७२ जणांच्या पाहणीत दिसले. मानसोपचारतज्ज्ञ हेन्रिएटा बाउडन-जोन्स यांनी २००८ मध्ये लंडनमध्ये जुगाराच्या व्यसनासाठी सरकारी आरोग्यसेवेचे पहिले उपचारकेंद्र सुरू केले. वरील दोन्ही पाहण्यांत त्यांचा सहभाग होता. निवाऱ्यात दाखल करून घेतानाच प्रत्येकाला जुगाराबद्दलही विचारले, तर अशा उपचारांपर्यंत पोहोचणारे नक्कीच वाढतील.