हार्मोनचं औषध बदलताना: आमच्या ग्राहक भगिनींसाठी

पाळी जाण्याच्या वयात हार्मोनचं औषध चालू आहे आणि डॉक्टरांनी ते आता बदलून दिलं आहे, अशा ताईंसाठी फोंड्यातल्या आमच्या छोट्या फार्मसीने हे पत्रक काढलं आहे. काउंटरवर मागे चार गिऱ्हाइकं उभी असली की विचारायचं ते राहून जातं. नव्या गोळीने स्तन का ठणकतात, पुन्हा डाग का लागला, हे चारचौघांत विचारवतही नाही. म्हणून इथे लिहिलं आहे. घरी निवांत वाचा.

पहिला प्रश्न: पिशवी आहे की काढली?

हार्मोनची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला आम्ही हे विचारतो. कुणाला तो आगाऊपणा वाटतो, पण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. गरम वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप यांवर काम करतं ते इस्ट्रोजेन. गर्भपिशवी शाबूत असेल तर नुसतं इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर जाड करत जातं, आणि त्या अस्तरात पुढे कर्करोग होण्याचा धोका वाढतो. तो रोखण्यासाठी जोडीला प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच जातीचं दुसरं औषध देतात. पिशवी काढलेली असेल तर बहुधा त्याची गरज पडत नाही.

नेमका या जोडीच्या औषधाचाच पुष्कळदा त्रास होतो. सुस्ती येते, पोट फुगतं, पाळीच्या आधी व्हायची तशी चिडचिड होते. मग कुणी ते आपल्या मनाने सोडते आणि वाफा थांबवणारं तेवढं चालू ठेवते. वाफा नाहीत, सुस्ती गेली, बरं वाटतं. आत अस्तर मात्र वाढत राहतं आणि कित्येक महिने पत्ता लागत नाही. औषध बदलल्यावर ही चूक जास्त होते, कारण आधी दोन्ही औषधं एकाच गोळीत होती, नव्या चिठ्ठीत ती वेगवेगळी झाली. एक संपतं, दुसरं डब्यात उरतं. आमचं कळकळीचं सांगणं आहे, दोन्ही बरोबरच न्या. पैशांची ओढ असेल तर दोन्ही पंधरा-पंधरा दिवसांची न्या, पण एक नेऊन दुसरं मागे ठेवू नका. प्रोजेस्टेरॉन सोसत नसेल तर डॉक्टरांकडे त्यावर मार्ग असतात: प्रकार बदलता येतो, घेण्याची पद्धत बदलता येते, कधी तीच कॅप्सूल योनीमार्गात ठेवायला सांगतात.

प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलने झोप येते, म्हणून ती रात्री निजतानाच घ्यायची. जेवणाबरोबर घेतली तर ती अंगात जास्त शोषली जाते आणि सकाळी डोकं जड होतं. जेवण आणि कॅप्सूल यांत दोनेक तास जाऊ द्या. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आम्हाला आधी सांगा.

त्रास कशाचा आहे हे कसं ओळखायचं

स्तन ठणकणं, मळमळ, डोकेदुखी, रात्री पोटऱ्यांत गोळे येणं हे सहसा इस्ट्रोजेनचं. उदास वाटणं, चिडचिड, चेहऱ्यावर पुटकुळ्या, थकवा हे सहसा प्रोजेस्टेरॉनच्या बाजूचं. पोट फुगणं दोन्हींनी होतं. उलट वाफा आणि घाम परत आले असतील तर नवीन औषध कमी पडत असण्याची शक्यता असते. पण तसा निष्कर्ष पहिल्याच आठवड्यात काढू नका. शरीर नव्या मात्रेला रुळायला वेळ घेतं, आणि बहुतेक त्रास तीन महिन्यांत ओसरतात.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. इस्ट्रोजेन बदललं, त्याच आठवड्यात नवीन कॅल्शियम सुरू केलं, कुणी सांगितलं म्हणून शतावरीची पावडरही आणली, तर मळमळ कशाने झाली हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. घरातल्या कॅलेंडरवर रोज दोन शब्द लिहा: वाफा किती, झोप कशी, डाग लागला का. तीन महिन्यांनी ते कॅलेंडरच डॉक्टरांपुढे ठेवा. आणि जमलं तर हा बदल चवथीच्या तोंडावर करू नका. माटोळी, पाहुणे, रात्रीची जागरणं यांत कोणता थकवा औषधाचा आणि कोणता कामाचा हे कुणालाच कळत नाही. अर्थात डॉक्टरांनी थांबू नका म्हटलं असेल तर थांबायचं नाही.

मळमळ होत असेल तर इस्ट्रोजेनची गोळी जेवणानंतर घेऊन पाहा. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर निजण्यापूर्वी पाय ताणा, दिवसभर पाणी पुरेसं प्या. स्तन दुखत असतील तर रात्रीही मऊ, नीट मापाची ब्रा घातल्याने बरं वाटतं. वाफा वाढल्या असतील तर काही आठवडे संध्याकाळचा कडक चहा, तिखट आणि दारू कमी करून पाहा. आमच्या दमट हवेत घाम सुकत नाही, तेव्हा उशाशी पंखा आणि अंगात सुती गाऊन हवाच.

गोळीवरून जेलवर येताना

पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारी द्रव्यं वाढवतं. त्वचेतून गेलेलं ते वळण घेत नाही. त्यामुळे नेहमीच्या मात्रेत जेल किंवा अंगाला चिकटवायच्या पॅचने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढत असल्याचं दिसत नाही, गोळीने मात्र तो थोडा वाढतो. वजन जास्त असलेल्या किंवा अर्धशिशीचा त्रास असलेल्या बायकांना डॉक्टर बरेचदा गोळी बंद करून जेल देतात ते याचसाठी. फक्त मिलीग्रॅमचे आकडे ताडून पाहू नका. गोळीतलं एक मिलीग्रॅम आणि जेलमधलं एक मिलीग्रॅम यांचा परिणाम सारखा नसतो, आणि प्रत्येकीची त्वचा ते वेगवेगळं शोषते.

गोव्याच्या हवेत जेलची खरी अडचण घामाची. आंघोळ करून अंग नीट कोरडं करा, पंख्याखाली जरा थांबा, मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा दंडावर पातळ पसरून लावा. स्तनांवर लावायचं नाही. चोळत बसू नका, पाचेक मिनिटं सुकू द्या आणि हात साबणाने धुवा. तासभर त्या जागी पाणी, खोबरेल, पावडर काही नको. जेलमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे ते सुकेपर्यंत गॅस आणि देवघरातली समई यांपासून लांब राहा. नातवंडं कुशीत येत असतील तर ती जागा कपड्याने झाकलेली असू दे. लहान मुलांच्या अंगाला हे लागणं बरं नव्हे. औषध स्वयंपाकघरात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

परदेशातून आलेल्या बहिणींसाठी दोन ओळी. मुलांकडे इंग्लंडला किंवा आखातात राहून आलेल्या काही जणी तिकडचे पॅच घेऊन येतात आणि ते संपले की आमच्याकडे विचारतात. तोच पॅच इथे मिळेलच असं नाही. शेवटचा पॅच लावेपर्यंत थांबू नका, महिनाभर आधी रिकामं पाकीट घेऊन डॉक्टरांना भेटा. मैत्रिणीला चालते ती गोळी मधल्या दिवसांत घेऊ नका. पाकिटावरचं कंपनीचं नाव नव्हे, आतल्या औषधाचं नाव आणि मात्रा महत्त्वाची. हार्मोनमध्ये जवळपासची दुसरी गोळी आम्ही आपल्या मनाने देणार नाही.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं

हे फारसं कुणी सांगत नाही. इस्ट्रोजेनच्या गोळीने रक्तातलं थायरॉइड हार्मोन बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे थायरॉक्सिनची मात्रा कमी पडू शकते. तीच बाई गोळीवरून जेलवर आली की उलट होतं, पूर्वीची मात्रा जास्त ठरू शकते. मग धडधड, घाम, झोप न येणं सुरू होतं आणि सगळ्यांना वाटतं की वाफाच परत आल्या. बदलानंतर ६ ते १२ आठवड्यांत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन किंवा फिटसाठी कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन चालू असेल तरीही डॉक्टरांना सांगा. ही औषधं आणि हार्मोन एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात.

भीतीने एकदम बंद करू नका

२००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला आणि हार्मोन म्हणजे कर्करोग अशी धास्ती जगभर पसरली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि तिथली गोळी एका ठरावीक प्रकारची होती. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध बरीच वर्षं एकत्र घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, हे खरं आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. पण तुमचं वय, घरातला आजारांचा इतिहास आणि औषधाचा प्रकार पाहून त्याचं वजन करायचं असतं, आणि ते काम डॉक्टरांचं. थांबवायचंच ठरलं तर हळूहळू कमी केल्याने वाफा एकदम उसळत नाहीत. योनीचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ मात्र नंतरही राहते. त्यासाठी स्थानिक क्रीम वेगळं असतं, लाज न बाळगता विचारा.

आणखी एक: हे औषध गर्भनिरोधक नव्हे. पाळी नुकतीच अनियमित झाली असेल तर दिवस राहू शकतात.

थांबायचं नाही अशा गोष्टी

नवीन औषधाच्या पहिल्या तीन महिन्यांत, कधी सहापर्यंत, अधूनमधून डाग लागणं चालतं. पण रक्त भरपूर जात असेल, सहा महिन्यांनंतरही थांबत नसेल किंवा बरेच दिवस काहीच नसताना पुन्हा सुरू झालं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, सोनोग्राफी करून अस्तर तपासून घ्या. अशोकारिष्ट घेऊन महिनोन्‌महिने वाट पाहू नका. स्तनात गाठ लागली तरीही तेच.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, दिसेनासं झालं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं तर १०८ ला फोन करा. इस्पितळात पोचल्याबरोबर हार्मोनचं औषध चालू आहे हे सांगा आणि त्याची पट्टी बरोबर न्या.

पुढच्या वेळी आमच्याकडे याल तेव्हा जुन्या औषधाच्या उरलेल्या पट्ट्याही आणा. जुनं आणि नवं चुकून एकत्र घेतलं जाऊ नये म्हणून आम्ही त्या तुमच्यासमोर वेगळ्या काढून देऊ. दुपारी गर्दी नसते, तेव्हा निवांत बोलता येईल.