डेस्कटॉपचे बजेट आणि हाय-एंड प्रोसेसर

डेस्कटॉपला बसणाऱ्या प्रोसेसरची बजेट म्हणजे स्वस्त आणि हाय-एंड म्हणजे महाग अशी ही दोन टोकं. इंटेलचंच घ्यायचं तर स्वस्तात कोअर आय३-१२१००एफ, ४ कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) ८ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं), आणि महागात कोअर आय९-१३९००के, २४ कोर ३२ थ्रेड. कोर सहापट दिसतात म्हणून काम सहापट लवकर होईल असं वाटतं पण तसं होत नाही, एकतर त्या २४ मधले दमदार कोर ८च, बाकीचे १६ कमी वीज खाणारे छोटे, आणि दुसरं म्हणजे एका कोरचा जास्तीत जास्त स्पीड बघितला तर आय३ चा ४.३ गिगाहर्ट्झ आणि आय९ चा ५.८, म्हणजे फरक आहे पण सहापट अजिबात नाही.

कोल्हापुरातलीच कामं बघा. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात टॅली आणि बिलिंग चालतं, तिथं आय३ लई झाला (वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एफ नसलेला, कारण शेवटी दिलंय), उरलेले पैसे एसएसडी आणि रॅमला घालावेत. उद्यमनगरात कॅडवर, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर, पार्ट काढणाऱ्याचं मॉडेलिंग बरंचसं एकाच कोरवर चालतं, त्यामुळं तिथं कोर वाढवून फारसं हाताला लागत नाही, एका कोरचा वेग महत्त्वाचा. लग्नाचं फोरके शूटिंग एडिट करून एक्सपोर्ट मारणारे किंवा थ्रीडी रेंडर करणारे मात्र सगळे कोर पिळून काढतात, त्यांचे तासच्या तास वाचतात, त्यांनी खुशाल हाय-एंड घ्यावा.

खरा खर्च प्रोसेसरच्या बाहेर आहे आणि कोटेशन घेताना तिकडंच लक्ष जात नाही. इंटेलचे हे दोन्ही प्रोसेसर एलजीए१७०० सॉकेटचे (प्रोसेसर बसायची खाच), बायोस म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर अपडेट केलं की आय९ स्वस्तातल्या एच६१० मदरबोर्डावरपण बसतो, पण तो फुल लोडला २५३ वॅटपर्यंत वीज ओढतो, साध्या बोर्डाचा पॉवर सेक्शन तेवढं सोसत नाही, मग स्पीड खाली येतो आणि मोजलेले पैसे वाया. आय९ च्या बॉक्समध्ये कूलरपण येत नाही, आय३ च्या येतो. एप्रिल-मेच्या उन्हात बिनएसीच्या गाळ्यात २५३ वॅटची गरमी काढायची तर चांगला कूलर आणि हवा खेळणारी कॅबिनेट पाहिजेच.

एएमडीकडं रायझन ५ ५६००, ६ कोर १२ थ्रेड, ६५ वॅट. मधल्या बजेटला माझ्या मते हाच शहाणा सौदा, कारण एएम४ सॉकेटचा बोर्ड तोच ठेवून पुढं रायझन ७ ५८००एक्स३डी टाकता येतो, त्याचा ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) गेमिंगला जोरात चालतो.

नंबरामागचं अक्षर नीट वाचा. इंटेलमध्ये एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या ५६०० लापण तेच लागू, ग्राफिक्स पाहिजे असेल तर ५६००जी मागायचा.