पूरसाहाय्य, परदेशी (कोकण)

महापुरानंतर परराष्ट्रांची सरकारे, आंतरराष्ट्रीय संस्था वा परदेशस्थ व्यक्ती यांच्याकडून येणारे धान्य, औषधे, बचावपथके किंवा पैसा. जागतिक बँकेची कर्जेही काही जण यातच धरतात. ती फेडावी लागतात, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्यांचा विचार केलेला नाही.

कोकणातील नद्या आखूड व तीव्र उताराच्या. घाटमाथ्यावरील अतिवृष्टी आणि खाडीतील उधाण एकाच वेळी आले की सावित्रीकाठचे महाड व वाशिष्ठीकाठचे चिपळूण काही तासांत पाण्याखाली जाते. वाशिष्ठीत कोयना प्रकल्पाचे अवजलही (वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी) येते. जुलै २००५ मध्ये सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला आणि महाड तालुक्यात जुई, दासगाव येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले; त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळली.

परराष्ट्रांची मदत नाकारण्याचे भारताचे धोरण केव्हा सुरू झाले, हा वादाचा मुद्दा आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी, परिस्थिती आपण स्वतः हाताळू शकतो, गरज भासल्यास मदत घेऊ, अशी भूमिका मांडली. बहुतेक अभ्यासक तेथूनच आरंभ मानतात. त्याआधी किल्लारी (१९९३) व भूज (२००१) येथील भूकंपांनंतर परदेशी मदत घेतली गेली होती, हे या मताला पूरकच आहे. तथापि ती भूमिका म्हणजे कायदा नव्हे. २०१६ च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन योजनेनुसार भारत मदतीचे आवाहन करीत नाही. परंतु दुसऱ्या देशाने सद्भावनेने देऊ केलेली मदत केंद्र सरकार स्वीकारू शकते. २०१८ च्या केरळ महापुरात केरळने याच तरतुदीकडे बोट दाखवले, तरी केंद्राने परकीय सरकारांची मदत घेतली नाही. २०२१ च्या कोविड लाटेत मात्र परदेशांतून आलेली प्राणवायू-सामग्री स्वीकारली. हे पाहता ‘नाकारण्याचे’ पेक्षा ‘न मागण्याचे धोरण’ म्हणणे अधिक नेमके ठरावे.

खासगी देणग्यांना विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीने असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई केली. त्यामुळे मोठ्या संस्थेने स्वीकारलेला परदेशी पैसा वाडीवरच्या मंडळाच्या हाती देता येत नाही. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री साहाय्यता निधीला या अधिनियमाखाली परदेशी देणग्या घेण्याची मान्यता २०२५ मध्ये मिळाली.

कोकणात ‘बाहेरची मदत’ म्हटले की प्रथम आठवते ती मुंबईकर चाकरमान्यांची मंडळे आणि त्यांचे टेम्पो. रायगड-रत्नागिरीतील अनेक कुटुंबांची माणसे आखातात नोकरीला आहेत. भारतीय पारपत्र असलेल्या अशा व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली रक्कम कायद्याने विदेशी अंशदान ठरत नाही.