उताणं आणि पालथं: सीटी कोलोनोग्राफीत दोनदा स्कॅन का करतात?

मोठ्या आतड्याचा सीटी स्कॅन, म्हणजे सीटी कोलोनोग्राफी, करताना पेशंटला बहुतेक वेळा आधी उताणं झोपवतात. स्कॅन होतो आणि लगेच पालथं व्हायला सांगतात. पहिला बिघडला की काय, अशी शंका तेव्हा हमखास येते. बिघडलेला नसतो. दुसरा स्कॅन आधीपासून ठरलेलाच असतो, कारण कूस बदलली की तेच आतडं वेगळं दिसतं.

तपासणीच्या सुरुवातीला गुदद्वारातून एक बारीक, मऊ नळी घालून आतड्यात गॅस भरतात. मिटलेल्या आतड्याच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यांच्यामधलं काही दिसत नाही. गॅस वर चढतो आणि उरलंसुरलं पाणी खाली साचतं. सगळा फरक इथून सुरू होतो. उताणं असताना पोटाच्या पुढच्या बाजूचं आडवं आतडं चांगलं फुगतं. गुदाशय आणि दोन्ही बाजूंचं उभं आतडं पाठीकडे असतं, त्यामुळे पाणी तिथे जमतं आणि त्याखाली एखादा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवरची गाठीसारखी वाढ, झाकला जाऊ शकतो. पालथं झालं की हेच उलटं होतं: पाणी पुढे येतं, मागचे भाग मोकळे होतात.

दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. मळाचा खडा आणि पॉलिप एकाच स्कॅनमध्ये सारखे दिसू शकतात. खडा मोकळा असतो, कूस बदलली की घरंगळतो. पॉलिप भिंतीला धरून असतो, तो जागचा हलत नाही. अर्थात लांब देठाचा पॉलिप देठावर झुलतो, आणि कधीकधी आतड्याचा भागच सरकतो, म्हणून नुसत्या हलण्यावर निदान ठरत नाही. तपासणीआधी प्यायला दिलेल्या बेरियम किंवा आयोडीनच्या औषधामुळे मळ पांढरा उठून दिसतो, त्याचीही मदत होते.

आरामाच्या बाबतीत मात्र दोन्ही स्थिती सारख्या नाहीत. उताणं पडणं बहुतेकांना जमतं. गुडघ्यांखाली उशी घेतली की कंबरेवरचा ताण कमी होतो. हात डोक्याच्या वर न्यावे लागतात, ते दुखऱ्या खांद्याला जड जातं. पालथं पडल्यावर गॅसने फुगलेलं पोट टेबलावर दाबलं जातं. पोट मोठं असेल तर आडवं आतडंही चेपतं, म्हणजे त्रासही होतो आणि चित्रही उणं येतं. छातीखाली आणि कंबरेखाली उशी दिली तर मधलं पोट मोकळं राहतं.

ज्यांना पालथं होताच येत नाही, दम लागतो, पोटावर स्टोमा (शस्त्रक्रियेने केलेलं आतड्याचं तोंड) आहे किंवा गुडघे दुखतात, त्यांनी ते टेबलावर चढण्याआधीच टेक्निशियनला सांगावं. पालथ्याऐवजी कुशीवर, बहुधा उजव्या कुशीवर, स्कॅन करता येतो. तेव्हा डावीकडचं आतडं वर येतं आणि फुगायला अवघड असलेला सिग्मॉइडचा, म्हणजे गुदाशयाआधीचा वळणदार भागही बऱ्याचदा नीट उघडतो. ही तडजोड नाही, मान्य असलेली पद्धत आहे. दातओठ खाऊन पालथं पडून राहिलं तर श्वास रोखून धरवत नाही, शरीर हलतं आणि चित्र अस्पष्ट येतं.

पोटात कळा आल्या तरी लगेच सांगावं. गॅसचा वेग कमी करता येतो. गॅस बहुधा कार्बन डायऑक्साइड असतो. आतड्याची भिंत तो शोषून घेते आणि तो श्वासावाटे बाहेर पडतो, त्यामुळे साधी हवा भरल्यावर राहते त्यापेक्षा पोटफुगी लवकर ओसरते.