बार्नार्डच्या ताऱ्याकडे, ब्रेकशिवाय

नासाचं व्हॉयेजर-1 यान सेकंदाला 17 किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे. त्याच वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे, म्हणजे 4.24 प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्झिमाकडे निघालात तर पोचायला सुमारे 75 हजार वर्षं लागतील. मग मोठं रॉकेट बांधा की! पण इथे रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीचं 1903 सालचं रॉकेट-समीकरण आडवं येतं. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनातून वायू बाहेर पडतो तो सेकंदाला जेमतेम साडेचार किलोमीटर वेगाने. यानाला त्याच्या कितीतरी पट वेग हवा असेल, तर इंधन वाहायला इंधन, आणि तेही वाहायला आणखी इंधन. सेकंदाला हजार किलोमीटर गाठायचे म्हटलं, तर दिसणाऱ्या विश्वातलं सगळं द्रव्य टाकीत भरलं तरी पुरत नाही.

यावर कागदावर का होईना, पण आकडे मांडून उत्तर शोधलं ते ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या हौशी इंजिनिअर-शास्त्रज्ञांनी. 1973 ते 1978 दरम्यान त्यांनी आखलेल्या यानाचं नाव डिडॅलस. ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि हीलियम-3 (हीलियमचा हलका प्रकार) यांच्या गोठवलेल्या बारीक गोळ्या, सेकंदाला 250, चेंबरमध्ये सोडायच्या आणि प्रत्येकीवर इलेक्ट्रॉनचे झोत मारून अणुसंमीलन, म्हणजे अणुकेंद्रं एकत्र येऊन ऊर्जा सुटण्याची क्रिया, घडवायचं. हीलियम-3 च का? त्याच्या संमीलनातून मुख्यतः विद्युतभारित कण निघतात आणि चुंबकीय क्षेत्राने ते मागच्या दिशेला वळवता येतात. विद्युतभार नसलेले न्यूट्रॉन असे ऐकत नाहीत. हा वायू पृथ्वीवर नगण्य असल्यामुळे तो गुरूच्या वातावरणातून गाळून आणायचा, हेही योजनेतच होतं. माझ्या मते इंजिनापेक्षा हे काम अवघड.

यानाचं वजन 54 हजार टन, त्यातलं 50 हजार टन इंधन. जवळपास चार वर्षं इंजिन चालवून प्रकाशाच्या 12 टक्के वेग, आणि 5.9 प्रकाशवर्षांवरच्या बार्नार्डच्या ताऱ्यापर्यंत एकूण 50 वर्षं. तेव्हा या ताऱ्याला ग्रह असल्याचा बोलबाला होता. तो दावा पुढे टिकला नाही. खरा ग्रह जाहीर झाला तो 2024 मध्ये.

हा वेग म्हणजे सेकंदाला 36 हजार किलोमीटर. एक मिलिग्रॅम धुळीचा कण आदळला, तर दीडशे किलो टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा सुटते. म्हणून पुढच्या बाजूला बेरिलियमची ढाल.

एवढं करून तिथे थांबायची सोय नाही! सूर्य ते पृथ्वी एवढं अंतर यान सत्तर मिनिटांत कापणार. पन्नास वर्षांच्या प्रवासानंतर निरीक्षणाला मोजके दिवस. त्याच इंजिनाने ब्रेक लावायचा, तर इंधन भरलेल्या आणि रिकाम्या यानाच्या वजनांचं गुणोत्तर दुप्पट होत नाही, त्याचा वर्ग होतो. 2009 मध्ये डिडॅलसचा पुनर्विचार करणारा इकॅरस प्रकल्प सुरू झाला, तेव्हा लक्ष्याजवळ वेग कमी करता आला पाहिजे, ही अट सुरुवातीलाच घालण्यात आली.