ओपन सोर्सचा लोगो सगळ्यांचा असतो का?

‘सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे लोगोही कुणी कसाही वापरावा,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतं. कणकवलीत क्लासची पाटी रंगवतानाही हेच ऐकू येतं. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कुणालाही पाहता, बदलता, वाटता येतो असं सॉफ्टवेअर. सगळं फुकट मिळतं तेव्हा असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण परवाना असतो कोडला. लोगो बहुधा ट्रेडमार्क, म्हणजे मालकाची कायद्यानं जपलेली ओळखखूण असतो. हापूसचं कलम कुणीही लावावं, पेटीवर शेजाऱ्याच्या बागेचा छाप मात्र मारू नये, कारण गिऱ्हाईक त्या छापावर विश्वास ठेवून पेटी उचलतं. अशाच अटींवरून डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फायरफॉक्स ब्राउझर २००६ ते २०१६ ‘आइसवीझल’ नावानं, वेगळ्या चिन्हासह मिळायचा.

परवान्याच्या फाइलमध्ये ‘ट्रेडमार्क’ शब्द शोधा. अपाची २.० या परवान्याच्या सहाव्या कलमात, मूळ सांगण्यापुरता उल्लेख सोडला तर, ट्रेडमार्क वापरण्याची परवानगी नाकारलेलीच आहे. मग प्रकल्पाचं लोगो-धोरण वाचा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा पेंग्विन टक्स मात्र श्रेय देऊन खुशाल वापरता येतो.