बदकाच्या पिल्लांचा खाद्यतक्ता कसा घडला

बदकाच्या पिल्लांसाठी वयानुसार खाद्य निवडताना जो तक्ता सहसा समोर ठेवला जातो, त्यात पहिल्या २ आठवड्यांसाठी २२ टक्के प्रथिने, २ ते ७ आठवड्यांसाठी १६ टक्के आणि अंड्यावर आलेल्या मादीसाठी १५ टक्के प्रथिने व सुमारे पावणेतीन टक्के कॅल्शियम असे आकडे असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने कुक्कुटवर्गीय पक्ष्यांच्या पोषणाबद्दल १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातले हे आकडे पांढऱ्या पेकिन जातीसाठी आहेत. कोंबडीच्या मानाने बदकाचा हा हिशेब उशिराच लागला, आणि त्यातल्या बऱ्याच नोंदींमागे लंगडलेली किंवा दगावलेली पिल्ले आहेत.

हा उतरता क्रम मुळात निसर्गातलाच आहे. मस्कोव्ही हे बदक सोडल्यास पाळीव बदकांच्या जवळजवळ सर्व जाती मॅलार्ड या जंगली बदकापासून आलेल्या आहेत. मॅलार्डची मादी पिल्लांना भरवत नाही; अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दिवसभरात ती त्यांना पाण्यावर नेते आणि पिल्ले आपापली चोच चालवू लागतात. सुरुवातीचे काही आठवडे ती मुख्यतः डासा-चिलटांच्या अळ्या, पाणकिडे आणि लहान गोगलगायी खातात. पिसे भरू लागली की बिया आणि पाणवनस्पतींचे कोवळे भाग वाढत जातात. म्हणजे आधी भरपूर प्रथिने आणि मग हळूहळू दाणा, ही विभागणी कोणी ठरवण्यापूर्वीच पाणथळ जागेत होत होती.

जुन्या पालकांना हे अनुभवाने ठाऊक असावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात शेतीवर लिहिणाऱ्या कोलुमेला या रोमन लेखकाने दलदलीतून जमवलेली बदकांची अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायला सांगितले आहे. बदकांच्या खाद्यात बाजरीवर्गीय बारीक धान्ये, सातू, ओकची फळे आणि द्राक्षांचा चोथा यांच्याबरोबर, मिळत असतील तर ओढ्यातले झिंगे आणि लहान मासे द्यावेत, असेही तो म्हणतो. दक्षिण चीनमध्ये मिंग काळात बदकांचे कळप भातखाचरांत सोडले जात. किडे, लहान खेकडे आणि सांडलेला दाणा यांवर ते वाढत. अशा ठिकाणी कोणते खाद्य विकत आणावे हा प्रश्नच उभा राहत नव्हता.

तो उभा राहिला बदक पाण्यापासून तोडून दाटीत पाळले जाऊ लागल्यावर. पेकिन बदके १८७३ साली चीनमधून अमेरिकेत पोहोचली आणि पुढे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर त्यांचा मोठा धंदा उभा राहिला. तिथे मक्याचे पीठ, गव्हाचा कोंडा, मांसाचे तुकडे आणि चिरलेला हिरवा पाला पाण्यात कालवून पिल्लांपुढे ठेवला जाई. कोरडी भरड टाळण्यामागे साधे कारण होते. कोंबडीचे पिल्लू दाणा टिपते, तर बदकाचे पिल्लू खाद्यात चोच खुपसून लगेच पाण्याकडे धावते. भरड ओली होऊन चोचीच्या कडांवर लगदा थापला जातो, उरलेला पाण्यात विरघळतो, आणि घटकाभरात पाण्याचे भांडे पेजेसारखे दिसू लागते. पण पाणी दूर ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण पाण्यावाचून पिल्लाला घास नीट गिळता येत नाही. पुढे गोळी खाद्य आले तेव्हा ही नासाडी बरीच थांबली; पहिल्या २ आठवड्यांत सुमारे ४ मिलिमीटरपेक्षा जाड गोळी नको आणि त्यानंतर थोडी जाड चालेल, हा नियम चोचीच्या मापावरूनच ठरला आहे.

पायांची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. पक्ष्यांचे पाय आणि जीवनसत्त्वे यांचे नाते तसे जुने: १८९० च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन यांना पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांची चाल बिघडलेली दिसली, आणि तांदळाचे साल व कोंडा मिळताच त्या सुधारल्या. १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा उलगडा झाल्यावर, कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन पिल्ले ऊन नसलेल्या खोलीतही वाढवता येऊ लागली. १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेयेम यांनी कुत्र्यांच्या काळ्या जिभेच्या रोगावर निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्व, गुणकारी असल्याचे दाखवले. बदकाच्या पिल्लांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा शोध हाच ठरला, असे मला वाटते.

कोंबडी ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडेबहुत नायसिन शरीरात तयार करून घेते. बदकाच्या यकृतातले एक विकर त्याच ट्रिप्टोफॅनला दुसऱ्या वाटेला लावते, त्यामुळे नायसिन बनवायला बदकाच्या हाती फारसे काही उरत नाही. शिवाय मक्यातले नायसिन बांधलेल्या रूपात असते आणि पचनात सुटत नाही. म्हणून १९९४ च्या तक्त्यात बदकासाठी किलोभर खाद्यामागे ५५ मिलिग्रॅम नायसिन आहे, तर मांसल कोंबडीच्या लहान पिल्लांसाठी ३५. कोंबडीच्या खाद्यावर वाढणारे बदकाचे पिल्लू खाते, वजनही घेते, पण मग पाय फेंगडे होतात, सांधे सुजतात आणि ते चार पावले टाकून मटकन बसते. कोंबडीच्या स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांच्या, खाद्यात नायसिनयुक्त यीस्ट मिसळण्याचा रिवाज यातूनच आला. वेळीच दिले तर पिल्लू सावरते. सांधा वाकडा झाल्यावर यीस्टचा उपयोग थोडाच.

कोंबडीचे खाद्य बदकाला चालते, या समजुतीचे इतरही तोटे आहेत. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यातले ३ ते ४ टक्के कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. १९४८ पासून कोंबडीच्या खाद्यात कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवींच्या रोगावरची औषधे नेमाने मिसळली जाऊ लागली. त्यांची मात्रा कोंबडीच्या भुकेवर बेतलेली असते आणि बदकाचे पिल्लू त्याहून अधिक खाते, म्हणून पोत्यावरचे औषधाचे नाव वाचणे भाग पडते.

पोते कोणतेही असो, त्याला बुरशी लागलेली नको, हा नियम १९६० नंतर पक्का झाला. त्या वर्षी इंग्लंडमध्ये १ लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले आणि त्यांच्यासोबत बदकाची पिल्लेही. दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत. अॅस्परजिलस फ्लेवस या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. एक दिवसाच्या बदकाच्या पिल्लाचे यकृत या विषाच्या काही मायक्रोग्रॅम मात्रेनेही बिघडते, त्यामुळे रासायनिक पद्धती रुळेपर्यंत संशयित पेंडीची चाचणी अशाच पिल्लांवर केली जात असे.